स्ट्रेटनिंगनंतर गुंता कुठे बसतो, त्यावरून चूक ओळखा

केस सरळ करून घेतले की गुंत्याची कटकट मिटली, असं पार्लरमधून निघताना वाटतं. पहिले पंधरा दिवस तसं होतंही, कारण शेवटी लावलेल्या सिरममधल्या सिलिकॉनचा थर केसांवर असतो. तो धुण्या-धुण्यात उतरला की आधी मानेजवळ गाठ बसते, मग वेणीच्या टोकाला झुबका होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फणी जागोजागी अडकायला लागते. सगळा दोष 'केमिकल'ला दिला जातो. पण केमिकल एकच नसतं, आणि प्रत्येकाचा गुंता वेगळ्या जागी बसतो.

सरळ केस कुरळ्या केसांपेक्षा कमी गुंततात, हा समजसुद्धा तपासून घेण्यासारखा आहे. 2007 मध्ये जाँ-बाप्तिस्त मासाँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने लोकांच्या डोक्यातले गुंते मोजवून घेतले, तेव्हा सरळ केसांत ते कुरळ्यांपेक्षा जास्त निघाले. त्यांचं स्पष्टीकरण असं, की सरळ केस एकमेकांना कमी वेळा लागतात, पण लागतात तेव्हा मोठ्या कोनात ओलांडतात आणि अडकून बसतात. म्हणजे आकार सरळ झाला एवढ्याने गुंता जात नाही. केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तरच तो जातो.

पृष्ठभाग म्हणजे काय, ते कवेलूच्या छपरावरून लगेच कळेल. केसावर बारीक खवले एकावर एक चढवलेले असतात, मुळाकडून टोकाकडे, जसे छपरावर कवेलू. त्या खवल्यांवर जन्मतःच एक स्निग्ध थर चिकटलेला असतो. त्याचं नाव अठरा-एमईए. पाणी त्याच्यावरून ओघळून जातं आणि एक केस दुसऱ्यावरून सटकतो. अल्कली, म्हणजे क्षारीय क्रीम, हा थर उतरवते आणि खवले उचलते. थर एकदा गेला की केसाच्या त्या लांबीवर परत येत नाही, नवीन वाढलेल्या केसावरच येतो. पुढे कंडिशनर लावायचा तो याच थराची जागा तात्पुरती भरण्यासाठी. सरळपणाचं काम मात्र केसाच्या आत होतं. तिथे दोन-दोन सल्फर अणूंच्या जोड्या केसाला आकारात धरून ठेवतात. कोणतं रसायन या जोड्यांचं काय करतं आणि वरच्या थराचं काय करतं, हे दोन प्रश्न विचारले की सगळं उलगडतं.

डब्यावरचं नाव वाचा, सेवेचं नाही

स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया ही दरपत्रकावरची नावं आहेत. आत काय आहे ते डब्यामागच्या घटकांच्या यादीत असतं. यादी नसलेला डबा, किंवा बरणीत काढून ठेवलेलं खुलं क्रीम, केसाला लावून घेऊ नका. ताईंना डबा दाखवायला सांगण्यात संकोच कसला? चांगल्या पार्लरवाल्या ताई स्वतःच दाखवतात.

अमोनियम थायोग्लायकोलेट. तालुक्याच्या गावी रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग म्हणून जे होतं, ते बहुतेक हेच. दोन ट्यूब असतात. पहिली सल्फरच्या जोड्या सोडवते, मधे इस्त्रीने केस सपाट करायचे, आणि दुसरी, म्हणजे न्यूट्रलायझर, त्या जोड्या नव्या जागी परत बांधते. न्यूट्रलायझरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं. पहिल्या क्रीमचा पीएच (क्षारीयपणाचं माप; 7 च्या वर गेलं की क्षार) 9 च्या वर असतो, त्यामुळे वरचा स्निग्ध थर जातोच. केस काडीसारखा सरळ होतो, हाताला थोडा पातळ लागतो, आणि ओला असताना पूर्वीपेक्षा जास्त चिकटतो. काम नीट झालं असेल तर हा गुंता कंडिशनरने आटोक्यात राहतो.

सोडियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन. 'रिलॅक्सर' म्हणून ऑनलाइन मिळणारे परदेशी डबे हे. ते आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अतिशय घट्ट कुरळ्या केसांसाठी बनवलेले आहेत. पीएच 12 ते 14. इथे जोडीतला एक सल्फर कायमचा निघून जातो आणि उरलेल्या एकाचा लॅन्थिओनिन नावाचा नवा जोड बनतो. तो परत उघडत नाही. आपल्याकडच्या लाटदार केसांवर हे फार जड पडतं. दहा-बारा मिनिटं जास्त झाली की केस ओल्या शेवईसारखा तुटतो. ग्वानिडिनचा डबा 'नो-लाय', म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड नसलेला, म्हणून विकतात. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम आणि वेगळी द्रवाची बाटली असते, आणि वापरण्याआधी दोन्ही कालवायचे असतात. डोक्याच्या कातडीला हे कमी झोंबतं, पण केसावर कॅल्शियमचा थर सोडतं. म्हणून सोडियमवाले केस मऊ राहून तुटतात, ग्वानिडिनवाले कोरडे, खरखरीत आणि निस्तेज होऊन गुंततात. त्यात बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणखी बसलं, तर दोन महिन्यांत केस झाडूसारखे लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थायो, म्हणजे वरचं थायोग्लायकोलेट, झालेल्या केसावर हायड्रॉक्साइड नाही, आणि हायड्रॉक्साइड झालेल्यावर थायो नाही, चार वर्षांनीसुद्धा नाही. तो केस कापून जाईपर्यंत वाट पाहायची. दोन्ही एकाच केसावर आली की केस हातात येतो. क्रीम डोळ्यात गेलं तर किमान वीस मिनिटं सतत पाण्याची धार धरा आणि तसेच दवाखान्यात जा.

ग्लायऑक्सिलिक ॲसिड. 'फॉर्मॅल्डिहाइड-फ्री' केराटिन किंवा नॅनोप्लास्टियाच्या बाटलीत बहुतेक हे सापडतं. हे आम्ल आहे, क्षार नाही. सल्फरच्या जोड्या ते थायोसारख्या सोडवत नाही. कडक इस्त्रीखाली केस त्या आकारात बसतो आणि चार-पाच महिन्यांत हळूहळू परत येतो. खवले मिटलेले राहतात म्हणून सुरुवातीला गुंता सगळ्यात कमी आणि चमक सगळ्यात जास्त. पण केस ताठ होतो, वाकवला की मोडतो, आणि लावलेला रंग फिका पडतो. आणखी एक गंभीर गोष्ट आहे. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 26 वर्षांच्या एका बाईची नोंद प्रसिद्ध केली. 2020, 2021 आणि 2022 मध्ये हे ॲसिड असलेलं स्ट्रेटनिंग केल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. किडनीचा त्रास असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. इतरांनीही ते कातडीला लागू देऊ नये आणि लावताना जळजळ झाली तर लगेच धुवायला लावावं.

जुन्या पद्धतीच्या केराटिनमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं, किंवा मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असतं. दोन्ही एकच: इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मॅल्डिहाइडची वाफ सुटते, आणि ते कर्करोगकारक म्हणून 2004 पासून नोंदलेलं आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, दार लावून कूलरपुढे हे काम करणं ताईंच्या स्वतःच्या छातीला घातक आहे, त्या रोज ही वाफ श्वासात घेतात. कूलर खिडकीत असेल तर समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे वाफ बाहेर ढकलली जाईल. डोळे चुरचुरले की थांबायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी यातलं काहीच करून घेऊ नये.

थायोचं काम करताना गुंता कुठे पेरला जातो

आदल्या दिवशी मेहंदीची चौकशी करा. मेहंदीच्या, विशेषतः काळ्या मेहंदीच्या, काही पुड्यांत धातूचे क्षार असतात आणि ते पेरॉक्साइडशी तापतात. तपासणी सोपी आहे. काचेच्या वाटीत 20 व्हॉल्यूमचं (ही ताकद बाटलीवर लिहिलेली असते) पेरॉक्साइड 30 मिली आणि अमोनियाचे 20 थेंब घ्या, मानेजवळची पेन्सिलएवढी बट कापून त्यात अर्धा तास ठेवा. वाटी तापली, फेस उकळला किंवा उग्र वास सुटला तर काम रद्द. धातूची वाटी वापरू नका. शुद्ध मेहंदी या चाचणीत अडत नाही, पण मेहंदी चढलेल्या भागावर क्रीम उशिरा आणि ठिपक्या-ठिपक्यांनी मुरतं. म्हणून त्याच बटेवर क्रीमचीही चाचणी घ्या.

काम सुरू करण्याआधी पाणी आणि लाइट बघा. टाकीत नाहीतर ड्रममध्ये 40 ते 50 लिटर पाणी भरलेलं हवं, कारण लाइट गेली की मोटर बंद, आणि डोक्यावर क्रीम. इस्त्री इन्व्हर्टरवर चालते, तिला वीज फार लागत नाही. ड्रायर चालत नाही. क्रीम धुतल्यानंतर लाइट गेली तर केस सरळ विंचरून पाठीवर मोकळे सोडा, पंख्याखाली वाळू द्या, पण इस्त्री न करता न्यूट्रलायझर लावून मोकळे होऊ नका. तसं केलं की जुनीच लाट पुन्हा पक्की बांधली जाते.

क्रीम कातडीपासून एक सेंटीमीटर सोडून, पातळ बटांवर लावा. आधी कधी स्ट्रेटनिंग झालेल्या लांबीवर जाड कंडिशनर थापा आणि क्रीम फक्त नव्या वाढीवर लावा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: क्रीम लावल्यावर बारीक फणी खाली ओढत नेतात. त्या वेळी केसाच्या आतल्या जोड्या सुटलेल्या असतात. ओढला की तो ताणून लांब होतो आणि तसाच बांधला जातो. पुढे तोच केस मधे बारीक, टोकाला जाड, असा गुंत्याला आमंत्रण देतो. बोटांनी नाहीतर फणीच्या पाठीने क्रीम लावलेली बट चपटी करा.

डब्यावरची वेळ ही जास्तीत जास्त वेळ समजा. दर पाच मिनिटांनी एक केस पुसून दोन्ही हातांत हलका ताणा. चांगला ओला केस आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका ताणतो आणि सोडल्यावर परत येतो. क्रीमने काम केलं की तो मऊ होऊन थोडा जास्त ताणतो, सोडल्यावर हळू परत येतो. त्या क्षणी धुवा. परतच आला नाही, चिकट दोऱ्यासारखा लोंबत राहिला, तर आधीच उशीर झालेला आहे: ताबडतोब धुवा, इस्त्री करू नका, न्यूट्रलायझर लावा आणि काम तिथेच थांबवा.

धुणं किमान पाच-सात मिनिटं, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत. मग केस पूर्ण कोरडे. ओल्या केसावर 180 अंशांची इस्त्री ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे पडतात, आणि केस त्याच जागी तुटतो. बारीक केसांना 180, जाड केसांना 200 अंश, एका बटेवरून दोन, फार तर तीन फेऱ्या. मग न्यूट्रलायझर वरून आणि खालून दोन्हीकडून भिजेपर्यंत लावा, डब्यावर लिहिलेली पूर्ण वेळ ठेवा. मानेजवळच्या बटा इथे नेहमी अर्ध्या राहतात, कारण त्या खाली दबलेल्या असतात आणि ताईंचा हात थकलेला असतो.

गुंता वाचायला शिका

*मानेजवळ, धुतल्यावर लगेच, आणि केस ओले असताना लिबलिबीत:* न्यूट्रलायझर अपुरा. जोड्या उघड्याच राहिल्या. दोन-तीन दिवसांत लक्षात आलं तर त्याच ताईंकडे जा आणि फक्त त्या भागाला न्यूट्रलायझर पुन्हा लावून घ्या. केस कोरडे असताना ठीक आणि फक्त दुपट्ट्याखाली, सायकलवर किंवा एसटीच्या खिडकीत गाठी होत असतील, तर कारण घर्षण आहे. पिको केलेल्या सुती दुपट्ट्याच्या आत सॅटिनचा तुकडा शिवून घ्या, केस दुपट्ट्याखाली सैल वेणीत ठेवा.

*मुळापासून तीन-चार बोटांवर, सगळ्या डोक्याभर एकाच रेषेत:* ही नव्या आणि जुन्या केसाची सीमा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. चार महिन्यांनी मुळाशी चार-पाच सेंटीमीटर लाटदार, खाली सरळ. लाटदार भाग सरळ भागाला गुंडाळतो, आणि तिथे फणी ओढली की तो तिथेच तुटतो, कारण तीच जागा सगळ्यात अशक्त असते. विंचरताना सीमेच्या वर बोटांनी केस पकडून ठेवा म्हणजे ओढ मुळावर आणि सीमेवर येत नाही. अंबाडा आणि घट्ट पोनी या काळात टाळा.

*फक्त टोकांना, झुबका झाल्यासारखा:* दोनदा प्रक्रिया झालेली लांबी. यावर तेल, मास्क, सिरम काही चालत नाही. टोकं दोन इंच कापा. कापली नाहीत तर फाटलेला केस वर-वर फाटत जातो आणि दोनाचे सहा इंच होतात.

*सगळीकडे, कोरड्या केसांतही, हाताला खरखर:* पाणी. याचं सविस्तर खाली.

*चमक आहे, गुंता नाही, पण उशीवर छोटे-छोटे तुकडे:* ग्लायऑक्सिलिकचा ताठपणा, किंवा इस्त्री जास्त. घरी इस्त्री पूर्ण बंद करा.

पाणी

डाळ शिजायला वेळ घेते, बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही: तुमचं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उघड्या खवल्यांवर बसतं. न सरळ केलेल्या केसावर ते कमी बसतं, प्रक्रिया झालेल्यावर जास्त. म्हणून एकाच घरातल्या दोघी त्याच पाण्याने न्हातात आणि गुंता एकीलाच होतो. उपाय: एक लिटर बोअरच्या पाण्यात पाव चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवा, शॅम्पूनंतर केसांवर ओता, एक-दोन मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा पुरे. डोक्यावर जखम असेल तर लावू नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, गोष्ट वेगळी आहे. तिथे पाणी खारं आहे, आणि मीठ आम्लाने निघत नाही. ते गोड्या पाण्यानेच जातं. सगळं न्हाणं आरओच्या कॅनने करणं परवडणारं नाही. शेवटचे दोन-तीन लिटर गोडं पाणी राखून ठेवा आणि त्यानेच शेवटचं धुणं करा. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

न्हाणं आणि सोडवणं

पाटावर बसून, मान पुढे टाकून, गडव्याने पाणी ओतत केस चोळायची सवय सोडावी लागेल. त्याने केस उलटे पडतात, खवल्यांच्या विरुद्ध घासले जातात, आणि चोळले की गाठ पक्की. सरळ बसा, केसांच्या चार सैल वेण्या घाला, मागून कुणाला तरी पाणी ओतायला सांगा.

धुण्याआधी तासभर, कोरड्या केसांना टोकापासून अर्ध्यापर्यंत खोबरेल चोपडा, कमरेपर्यंतच्या केसांना दोन चमचे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. जवसाचं तेल जेवणात उत्तम, केसांत नको: ते हवेत घट्ट आणि चिकट होतं. एरंडेलही नको. 2017 मध्ये आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी खोबरेल आणि एरंडेल एकत्र लावून धुतल्यावर लांब केसांचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट गोळा, झालेल्या विशीतल्या मुलीची नोंद केली आहे.

शॅम्पूची पुडी अर्ध्या मग्ग्यात विरघळवा आणि फक्त डोक्याच्या कातडीला लावा, लांबीवरून फेस आपोआप उतरतो. अंगाचा साबण, खायचा सोडा, मुलतानी माती बंद. शिकेकाई-रिठा चालेल, पण कपड्यातून दोनदा गाळून, कारण चोथ्याचे कण खवल्यांत अडकतात. मग कंडिशनर, कानाखालच्या लांबीला, कमरेपर्यंतच्या केसांना दोन मोठे चमचे. यादीत 'बेहेनट्रायमोनियम' किंवा 'सेट्रायमोनियम' हा शब्द हवा. खराब झालेल्या केसावर ऋणभार असतो, हे घटक धनभारित असतात, म्हणून तिथेच चिकटतात. जवसाचा घट्ट काढा हा भार देत नाही, पण निसरडेपणा छान देतो: दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. थंड झाला की गाळता येत नाही. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो.

कंडिशनर केसांतच असताना रुंद दातांची फणी घ्या. टोकापासून चार बोटं वर धरा, तेवढंच सोडवा, मग आणखी चार बोटं. ओला केस सगळ्यात कमजोर असतो, त्यामुळे फणी अडली की ओढू नका, गाठ दोन बोटांत धरून बाजूने एक-एक केस काढा. टॉवेलने झटकू नका, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात दाबून पाणी टिपा.

कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू केसांत अडकतात आणि त्यांच्याभोवती गाठ बांधली जाते. शेतातून आल्यावर आधी कोरड्या केसांतले तंतू बोटांनी काढा, मग पाणी. तंतूवर पाणी पडलं की तो घट्ट आवळतो.

लग्न असेल तर

लग्नाच्या आदल्या आठवड्यात स्ट्रेटनिंग नको. 45 अंशांत घाम मुळाशी येतो, हळदीचं न्हाणं होतं, केस बांधले जातात, आणि सुरुवातीचे तीन दिवस यातलं काहीच चालत नाही. किमान तीन आठवडे आधी करा, म्हणजे चूक झाली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

जट झाली तर

सगळं करूनही कधी केसांचा एकसंध गोळा होतो. घरात कुणी लगेच 'देवीची जट' म्हणतं, हळदकुंकू लावून ठेवायला सांगतं. ती देवीची नाही. खवले उचकटलेले केस एकमेकांत रुतून नमदा झालेला असतो, आणि ठेवला तर त्यात घाम, धूळ, उवा साचतात, मान दुखते. पहिल्या दोन-चार दिवसांत सुटण्याची शक्यता असते. पाणी लावू नका. गोळ्यात भरपूर कंडिशनर मुरवा, अर्धा तास ठेवा, आणि बाहेरच्या कडेपासून जाड सुईच्या मागच्या टोकाने एक-एक बट मोकळी करा. तास-दोन तास लागतात, दोघींनी आळीपाळीने करा. अर्धा गोळा सुटला आणि मधला गाभा दगडासारखा राहिला तर कात्री आडवी चालवू नका. उभी, केसांच्या दिशेने दोन-तीन चिरा द्या आणि त्या फटींतून पुन्हा कंडिशनर घाला. असं केलं तर बहुतेक लांबी वाचते.